पेनड्राइव्ह आहे, तरी कॉम्प्युटर सुरू होईना: लाइट जाऊन आल्यावरचं नेहमीचं दुखणं

जून-जुलै आला की सेलू, पाथरी, मानवत या पट्ट्यात हे दुखणं हमखास वर येतं. रात्री वादळवारं होतं, लाइट जाते, इन्व्हर्टरही बसतो आणि सकाळी सेवा केंद्र उघडून कॉम्प्युटर चालू करावा तर विंडोज येतच नाही. "भाऊ, काल रात्रीपर्यंत चांगलं चालू होतं, आता निस्तं काळं दिसायलंय," असा फोन येतो. काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' लिहिलेलं असतं, नाही तर निळ्या पडद्यावर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. ओट्यावर पीक विम्याचे फॉर्म भरायला माणसं बसलेली असतात, मुदत जुलैअखेरची. मग कोणीतरी म्हणतंच, "फॉरमॅट मारून टाका."

त्या एका वाक्यापायी हे लिहायला घेतलं. अशा मशीनमधली डिस्क बहुतेकदा चांगली असते, विंडोजही जागेवर असते. फॉरमॅट मारला की लोकांचे स्कॅन केलेले कागद, टॅलीचा डेटा, डीटीपीवाल्याच्या लग्नपत्रिकांच्या फाइली, सगळं जातं, आणि मूळ बिघाड तसाच राहिल्यामुळे पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा तेच. बूटेबल पेनड्राइव्ह, म्हणजे ज्याच्यावरून कॉम्प्युटर चालू (बूट) करता येतो तो, हे विंडोज टाकायचं साधन, असा आपल्याकडे समज आहे. माझ्या मते त्याचं पहिलं काम डेटा सुखरूप बाहेर काढणं, दुसरं दुरुस्ती. नवीन विंडोज टाकणं सगळ्यात शेवटी. पेनड्राइव्ह तयार करायचा तो हा क्रम डोक्यात ठेवून.

आधी सेल बघा

डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक गोल सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा, बोर्डातलाच प्रोग्राम; त्याचं घड्याळ आणि बऱ्याच बोर्डांवर बायोसच्या सेटिंगही त्याच्यावर टिकून असतात. भिंतीवरच्या बोर्डातून वीज चालू असेपर्यंत, कॉम्प्युटर बंद असला तरी एसएमपीएसमधून (आतल्या पॉवर सप्लायमधून) थोडा पुरवठा चालू राहतो आणि सेलवर भार येत नाही. म्हणून सेल संपलेला असला तरी महिनोन्‌महिने कळत नाही. रात्रभर लाइट गेली की मात्र सगळं त्या सेलवर येतं. तो दमलेला असला तर बायोस कारखान्यातून आला तशा सेटिंगवर परत जातो.

खरी गडबड इथे होते. डिस्कशी बोलायच्या एएचसीआय, आयडीई आणि रेड अशा वेगवेगळ्या पद्धती (मोड) बायोसमध्ये असतात. विंडोज टाकताना डिस्कचा मोड एएचसीआय असेल आणि बायोस परत आयडीई किंवा रेडवर गेला, तर विंडोजला स्वतःचीच डिस्क ओळखू येत नाही आणि निळा पडदा येतो. बूट करायच्याही दोन पद्धती आहेत, जुनी लेगसी आणि नवी यूईएफआय. जुनी विंडोज लेगसी पद्धतीने टाकलेली असेल आणि बायोसने सीएसएम (नव्या बोर्डावर लेगसी चालवणारी सोय) बंद करून फक्त यूईएफआय धरलं, तर 'नो बूटेबल डिव्हाइस'. दोन्ही वेळा डिस्क धडधाकट असते. आणि ज्यांच्याकडे पेनड्राइव्ह तयार असतो, त्यांचा पेनड्राइव्हही नेमका याच कारणाने बूट होत नाही: तो बनवला लेगसीसाठी, मशीन आता यूईएफआयवर.

ओळखायची खूण सोपी आहे. चालू करताना 'एफ १ दाबा' असं काही येतं, किंवा बायोसमधली तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली दिसते. विंडोज कशीबशी चालू झालीच तर सरकारी पोर्टल उघडताना ब्राउझर 'सर्टिफिकेट बरोबर नाही' म्हणतो. नेट चांगलं असतं, फक्त तारीख चुकलेली असते. मल्टीमीटर असेल तर सेल काढून मोजा; २.८ व्होल्टच्या खाली आला असेल तर ठेवू नका. नवा सेल फार महाग नाही, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. सेल बदलताना वायर भिंतीतून काढा. मग बायोसमध्ये जाऊन तारीख, डिस्कचा मोड आणि बूटची पद्धत पूर्ववत करा. पूर्वी काय होतं ते आठवत नसेल तर एकेक पर्याय बदलून बघा. नुसता मोड बदलल्याने डेटा जात नाही. पडद्यावर 'इनिशियलाइज' किंवा रेडचा संच तयार करायचं काही विचारलं तर मात्र हो म्हणू नका.

कॉम्प्युटर चांगला चालतोय तोवर बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. या सगळ्या लेखातलं दुसरं काही केलं नाही तरी चालेल, एवढं आजच करा.

पेनड्राइव्ह कोणता, कसा

दोन ठेवा. एकात सगळं कोंबायचा मोह होतो, पण अडचणीच्या वेळी एक चालला नाही तर दुसरा हाताशी हवा.

पहिला निव्वळ विंडोजचा. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल उतरवून घ्या, किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लावा, बाकी ते टूल करतं. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, ते लक्षात असू द्या. मशीन जुनं, लेगसीवालं असेल तर रुफस हा बूटेबल पेनड्राइव्ह बनवायचा प्रोग्राम वापरा. त्यात 'पार्टिशन स्कीम', म्हणजे डिस्कचे भाग मांडायची पद्धत, विचारतात, तिथेच बरेच जण फसतात. विंडोज यूईएफआय पद्धतीने टाकलेली असेल तर जीपीटी; जुन्या बायोससाठी एमबीआर. आपल्या मशीनचं काय आहे ते विंडोज चालू असतानाच बघून ठेवा: स्टार्टमध्ये 'सिस्टम इन्फर्मेशन' शोधा, त्यात 'बायोस मोड' नावाची ओळ असते.

हाताने फाइली कॉपी करून पेनड्राइव्ह बनवणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. पेनड्राइव्हवर फाइली मांडायच्या फॅट ३२ आणि एनटीएफएस अशा पद्धती असतात. यूईएफआयला बूटसाठी फॅट ३२ लागतं आणि फॅट ३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. आताच्या विंडोजमधली मुख्य इन्स्टॉल फाइल त्याहून मोठी असते. कॉपी अर्ध्यात थांबते, किंवा एनटीएफएस केलं तर पेनड्राइव्ह बूट मेनूत दिसतच नाही. रुफस यातून स्वतःच वाट काढतो, म्हणून हाताने करत बसू नका.

दुसऱ्या पेनड्राइव्हवर व्हेंटॉय टाका, ३२ जीबीचा पुरे. व्हेंटॉय एकदा बसवलं की आयएसओ फाइली (अख्खी सिस्टम एकाच फाइलीत असते त्या) नुसत्या कॉपी करायच्या. बूट केल्यावर यादी येते, हवी ती निवडायची. त्यात लिनक्स मिंट ठेवा, डेटा काढायला; ती विंडोजसारखीच वेगळी सिस्टम आहे. रॅम तपासायला मेमटेस्ट, डिस्कची जशीच्या तशी प्रत काढायला क्लोनझिला किंवा रेस्क्यूझिला. विंडोजची आयएसओही असू द्या. दोन जीबी रॅमची जुनी मशीनं अजून चालवणाऱ्यांनी पपी लिनक्सही ठेवावं, मिंट त्यांच्यावर फार सावकाश चालतं. उतरवलेली फाइल नीट आली की नाही ते तपासा: सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून शा-२५६ (फाइलीच्या ओळखीचा लांब आकडा) काढता येतो, तो साइटवर दिलेल्या आकड्याशी जुळला पाहिजे. आमच्याकडे नेट मध्येच तुटतं, अर्धवट फाइल वरून पूर्ण दिसते आणि ऐनवेळी दगा देते.

पेनड्राइव्ह घेताना स्वस्तात दोन टीबीवाला घेऊ नका. त्यातले पुष्कळ खोटे असतात, विंडोजला मोठा आकडा दाखवतात आणि खरी जागा काही जीबीचीच असते. ती भरली की पुढच्या फाइली नुसत्या नावाला राहतात. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हा फुकटचा प्रोग्राम रिकाम्या पेनड्राइव्हवर चालवला की खरं किती ते कळतं.

टेलिग्रामवर फिरणारी 'आधीच ॲक्टिव्हेट केलेली' विंडोज टाकू नका. सेवा केंद्राच्या मशीनवर लोकांचे आधार नंबर असतात, अंगठे घेतले जातात, वॉलेटचे पासवर्ड टाइप होतात. त्या विंडोजमध्ये कोणी काय घालून दिलंय हे आपल्याला तपासता येत नाही, आणि नुकसान झालं तर ते समोर बसलेल्या माणसाचं होतं.

पेनड्राइव्ह लावला, तरी बूट होत नाही

पहिल्यांदा बटण. एचपीवर एस्केप दाबून मग एफ ९. डेल आणि लेनोवोवर एफ १२. लेनोवोच्या काही लॅपटॉपच्या कडेला बारीक छिद्र असतं, त्यात पिन घातली की मेनू येतो. एसरवरही एफ १२, पण बऱ्याच मॉडेलवर ते बायोसमध्ये आधी चालू करावं लागतं, नाही तर कितीही दाबा, काही होत नाही. आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप. जोडून घेतलेल्या डेस्कटॉपवर बोर्ड बघा: गिगाबाइटला एफ १२, एमएसआय आणि ॲसरॉकला एफ ११, आसुसला एफ ८. काही लॅपटॉपवर एफएन बटणही सोबत धरावं लागतं.

विंडोज अर्धीमुर्धी चालू होत असेल तर बटणांच्या मागे लागू नका. शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा, येणाऱ्या निळ्या मेनूत 'यूज अ डिव्हाइस' निवडा. यात दुसराही फायदा आहे. फास्ट स्टार्टअप चालू असलं की 'शट डाउन' केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धी झोपते. रीस्टार्टने ती पूर्ण बंद होते.

मेनू आला पण पेनड्राइव्ह त्यात नाही, तर डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला लावा. पुढचे पोर्ट बारीक वायरने बोर्डाला जोडलेले असतात, धुळीने सैल झालेले असतात. तरीही नसेल तर सीएसएम आणि यूईएफआय यांचा मेळ बघा, म्हणजे पुन्हा सेलवाल्या भागात या.

पेनड्राइव्ह दिसतो, निवडला की 'सिक्युरिटी व्हायोलेशन' येतं, किंवा निळ्या पडद्यावर 'व्हेरिफिकेशन फेल्ड'. हे सिक्युअर बूटचं काम; अनोळखी प्रोग्रामवरून बूट होऊ न देणारी ही बायोसमधली सोय. व्हेंटॉयच्या बाबतीत घाबरायचं काही नाही: ओके करा, कोणतंही बटण दाबा, 'एनरोल की फ्रॉम डिस्क' निवडा, व्हीटॉयईएफआय नावाच्या भागात जा, तिथे एनरोल या शब्दाने सुरू होणारी फाइल असते ती निवडा, कंटिन्यू, येस, रीबूट. प्रत्येक मशीनवर एकदाच करावं लागतं. पेनड्राइव्हवरचं लिनक्स जुनं असेल तर 'एसबॅट सेल्फ चेक फेल्ड' असंही येऊ शकतं. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका अपडेटने जुने लिनक्स बूटलोडर अडवायला सुरुवात केली, त्याचा हा परिणाम. उपाय म्हणजे ताजं मिंट उतरवून घेणं.

थेट सिक्युअर बूट बंद करायच्या आधी एक मिनिट थांबा, पुढचा भाग वाचा.

बिटलॉकरचे ४८ आकडे

नवीन लॅपटॉपवर, विशेषतः मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलेल्या विंडोज ११ वर, विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते. मालकाला पत्ताही नसतो. सिक्युअर बूट बंद केलं, बायोस मूळ सेटिंगवर गेला, मदरबोर्ड बदलला, की पुढच्या बूटला ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. की नसेल तर तो डेटा कोणालाच उघडता येत नाही; दुकानदाराला नाही, कंपनीला नाही, लिनक्सलाही नाही.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले. एक फाइल पुसली की मशीन चालू होत होतं, मायक्रोसॉफ्टने त्यासाठी बूटेबल पेनड्राइव्हचं टूलही दिलं. पण मशीनसमोर जाऊन एकेक दुरुस्त करावं लागलं आणि बिटलॉकर असलेल्या ठिकाणी आधी की शोधावी लागली. मोठ्या कंपन्यांचे आयटी विभाग जिथे अडकले, तिथे तालुक्याच्या एकट्या केंद्रचालकाने आधीच तयारी ठेवलेली बरी.

की मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर मिळते, त्या लॅपटॉपवर ज्या ईमेलने साइन इन केलं त्याच खात्यात. हा ईमेल अनेकदा लॅपटॉप विकणाऱ्या दुकानदाराने घाईत उघडून दिलेला असतो आणि पासवर्ड कोणालाच माहीत नसतो. आजच तपासा. की कागदावर लिहा, सोबत की आयडीचे पहिले आठ आकडे-अक्षरं लिहा, आणि तो कागद पेनड्राइव्हपासून वेगळा, कपाटात ठेवा.

बूट झाला, पण डिस्क दिसत नाही

विंडोजच्या पेनड्राइव्हने बूट केलं, पुढे गेलात आणि यादी रिकामी. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर व्हीएमडी नावाची सोय चालू असते, तिच्यामुळे विंडोजच्या सेटअपला एसएसडी दिसत नाही. बायोसमध्ये व्हीएमडी बंद केलं की डिस्क दिसते खरी, पण आतली जुनी विंडोज मग निळ्या पडद्यावर जाते, सेलच्या गोष्टीसारखंच. म्हणून लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवा, तो उलगडून फोल्डर विंडोजच्या पेनड्राइव्हवर ठेवा आणि सेटअपमध्ये 'लोड ड्रायव्हर' दाबून ते फोल्डर दाखवा.

सगळ्यात आधी डेटा

मिंटने बूट करा. ते पेनड्राइव्हवरूनच चालतं, तुम्ही 'इन्स्टॉल'चं चिन्ह दाबत नाही तोवर डिस्कला हात लागत नाही. 'डिस्क्स' नावाचा प्रोग्राम उघडून डिस्कची तब्येत बघा. तिथे बिघाड सांगत असेल, किंवा हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, तर चेकडिस्क (डिस्क तपासायचा विंडोजचा प्रोग्राम) अजिबात चालवू नका. मरणाऱ्या डिस्कवर ते सगळं खरवडत बसतं आणि उरलंसुरलंही जातं. आधी महत्त्वाच्या फाइली उचला, किंवा जाणकाराकडून डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने बिघडत्या डिस्कची प्रत काढून घ्या.

विंडोज झोपलेली असेल तर मिंट ती डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडतं. कॉपी करायला तेवढं पुरेसं आहे, जबरदस्ती करू नका. युजर्समधल्या तुमच्या नावाच्या फोल्डरमधून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स घ्या. टॅलीवाल्यांनी पब्लिक फोल्डरही बघावं. डीटीपीवाल्यांनी फॉन्टचं फोल्डर घ्यावं, कारण पत्रिकेची फाइल वाचली आणि फॉन्ट गेला तर मजकूर वाचताच येत नाही.

मिंट चालत नसेल आणि हाताशी फक्त विंडोजचा पेनड्राइव्ह असेल, तरी डेटा निघतो. सेटअपच्या पहिल्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ १० दाबा, काळी खिडकी उघडेल. तिथे नोटपॅड टाइप करून एंटर. नोटपॅडमध्ये फाइल, ओपन, आणि खाली 'ऑल फाइल्स' निवडा. आता त्या छोट्या खिडकीतच सगळ्या ड्राइव्ह दिसतात. फोल्डरवर राइट क्लिक, कॉपी; बाहेरच्या हार्ड डिस्कवर जाऊन पेस्ट. किती झालं ते दिसत नाही, खिडकी अडकल्यासारखी वाटते, तरी बंद करू नका. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर काम चालू आहे. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असतात, नेहमीचा सी इथे डी असू शकतो. आतली फोल्डरं बघून खात्री करा.

मग दुरुस्ती

विंडोजच्या पेनड्राइव्हवरून 'रिपेअर' निवडा, नव्या सेटअपमध्ये तो पर्याय पहिल्याच पडद्यांवर असतो, जुन्यात खाली डाव्या कोपऱ्यात. 'स्टार्टअप रिपेअर' आधी, ते नाही जमलं तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स', मग 'सिस्टम रिस्टोर'. पेनड्राइव्हची विंडोज आणि मशीनची विंडोज एकाच आवृत्तीची असली तर दुरुस्ती नीट होते. विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण ज्या मशीनवर अजून १० आहे त्यासाठी १० चाच पेनड्राइव्ह जपून ठेवा.

नवीन विंडोज टाकायचीच वेळ आली तर ती टाकून काम संपत नाही. वायफायचा ड्रायव्हर नसतो, म्हणून नेट नाही. नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही. त्या वेळी मोबाइल केबलने लावून यूएसबी टेदरिंग चालू करा, ते बहुतेकदा ड्रायव्हर न मागता चालतं. अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस, प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, मराठी फॉन्ट, या सगळ्यांचे इन्स्टॉलर व्हेंटॉयच्या पेनड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये आधीच टाकून ठेवा. व्हेंटॉयवर साध्या फाइलीही राहतात.

दोन्ही पेनड्राइव्ह तुमच्या मशीनवर एकदा तरी बूट करून बघा. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर चालला म्हणजे तुमच्यावर चालेल असं नाही. पडून राहिलेल्या पेनड्राइव्हवरचा मजकूर वर्षानुवर्षं टिकेलच असं नसतं, म्हणून दर वर्षी मे महिन्यात, खरिपाची गर्दी सुरू व्हायच्या आधी, नवीन आयएसओ टाकून पुन्हा तपासा. पेनड्राइव्हवर चिठ्ठी चिकटवून बूटचं बटण आणि जीपीटी की एमबीआर ते लिहा, म्हणजे तुम्ही गावाला गेलेले असलात तरी दुकानातल्या पोराला फोनवर सांगता येईल.